कारणाच्या रकान्यात दारू

शनिशिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. चोरी करणाऱ्याला शनिदेव शिक्षा देतो, अशी त्यामागची श्रद्धा. ज्याचे कर्म त्याला भोवते, हा न्याय नगर जिल्ह्यात दारू पिणाऱ्यालाही लावला गेला. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर दारूभट्ट्या बंद झाल्या. तरीही पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचे अण्णा हजारे यांनी स्वतःच सांगितले आहे. भट्ट्या गेल्याने गाव सावरले, यात शंका नाही. पण पिणारा गुन्हेगार ठरला, की त्याच्या आत्महत्येचा दोषही त्याच्याच माथी येतो, आणि चौकशी तिथेच थांबते.

याची किंमत घरचे मोजतात. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्याची महाराष्ट्र सरकारची योजना २००५-०६ पासूनची. नावावर शेती, थकलेले कर्ज आणि वसुलीचा तगादा, हे तिचे निकष. चौकशीचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. अहवालात ‘दारूचे व्यसन’ आले, की पारडे अपात्रतेकडे झुकते. जणू पिणाऱ्याला कर्ज नसतेच, किंवा कर्जबाजारी माणूस पीत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीतही हीच अडचण आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रात २२,२०७ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक. देशभरच्या नोंदींत व्यसन हे कारण ६.४ टक्के, तर कौटुंबिक समस्या ३३.२ टक्के. एका मृत्यूला एकच रकाना. ज्या घरातली भांडणे दारूवरून होत होती, तो मृत्यू कोणत्या रकान्यात घालायचा?

एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच हा संबंध तपासला होता. जर्मन साम्राज्यातल्या, बहुसंख्य पोलिश वस्तीच्या पोझेन प्रांतात दारूचा खप सर्वाधिक आणि आत्महत्या मात्र फार थोड्या, असे त्याला आढळले. त्यावरून दारूचा आत्महत्येशी संबंध नाही, असे त्याने मानले. पुढे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी सोव्हिएत संघात दारूवर निर्बंध आणले, तेव्हा पुरुषांच्या आत्महत्या झपाट्याने घटल्या. म्हणजे दारूचा संबंध आहेच. पण तो सर्व समाजांत सारखा नाही. किती प्यायली याइतकेच कोणती, कुठे आणि कोणासोबत प्यायली, हेही पाहावे लागते.

आपल्याकडे हा फरक जातीच्या स्वभावावर ढकलला गेला. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी भिल्लांच्या मद्यप्रीतीची नोंद केली. त्याच सरकारने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळपाचे हक्क आपल्या हाती घेतले आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवर निर्बंध घातले. सण-लग्नापुरती घरी गाळली जाणारी दारू गुन्हा ठरली. ठेकेदाराच्या गुत्त्यातली रोज विकत मिळणारी दारू मात्र कायदेशीर झाली. १९२२ मध्ये दक्षिण गुजरात आणि लगतच्या भागांतल्या हजारो आदिवासींनी देवीच्या आदेशाने दारू सोडली. दारू ‘रक्तात’ असती, तर हे घडले नसते.

नगर जिल्ह्यात १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे राज्यभर कारखाने वाढले आणि त्यांच्या मळीपासून मद्यार्क बनू लागला. दारूवरच्या करातून आज सरकारी तिजोरीत मोठी भर पडते. विकताना जी महसूल असते, तीच पिणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेसाठी अपात्रतेचे कारण होते.

दारूचे व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्र केव्हाच मान्य करते. कर्ज, नापिकी आणि एकटेपणाशी तो आजार गुंतलेला असतो. म्हणून चौकशीच्या कागदावर कारणासाठी एकापेक्षा अधिक रकाने हवेत, आणि दारूचा उल्लेख आला म्हणून बाकीचे रिकामे राहू नयेत. शिक्षा करण्याचे काम श्रद्धेने शनीकडे सोपवले आहे. तहसील कचेरीने ते आपल्याकडे घेण्याचे कारण नाही.