मेंदूतल्या उघाड्या

मांडव्यापासून धरमतर खाडीपर्यंतच्या पट्ट्यात खारेपाटाच्या माणसाला उघाडी समजावून सांगावी लागत नाही. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं नाही, हे बांधातल्या त्या दाराचं काम. ती तुंबली की शेत बुडालंच.

मेंदूच्या आतही पाण्याच्या अशाच वाटा आहेत, आणि चार पोकळ्या. तिथे दिवसाला सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं. बाजूच्या दोन पोकळ्यांतून ते तिसरीत, तिथून एका अरुंद नळीने चौथीत आणि चौथीच्या तीन छिद्रांतून मेंदूबाहेर येतं. शेवटी रक्तात मिसळतं.

या वाटांचा शोध बराचसा आजारानेच लावला. एडिंबराच्या अलेक्झांडर मन्रोने बाजूच्या पोकळीतलं छिद्र 1764 साली विद्वानांपुढे मांडलं ते डोक्यात पाणी झालेल्या रुग्णाच्या मेंदूवरून. 1783 साली ते ग्रंथात छापलं. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत हे प्राचीन काळच्या गॅलेन या वैद्यालाही ठाऊक होतं, तरी नाव मन्रोचंच राहिलं. चौथीचं मधलं छिद्र फ्रान्सच्या माझांदीने 1820 च्या दशकात दाखवलं. गंमत अशी की पाणी बाहेरून आत शिरतं असं त्याला वाटे. छिद्र बरोबर, प्रवाह उलटा! बाजूची दोन छिद्रं जर्मन शरीरशास्त्रज्ञ लुश्काने 1855 साली वर्णन केली. तरीही ही छिद्रं खरी की चिरफाडीत पडलेली, हा वाद चालूच राहिला. 1875 साली स्वीडनच्या के आणि रेट्झियस यांनी मृतदेहात रंगीत जिलेटिन भरून त्यावर उत्तर दिलं.

माझ्या मते खरा निकाल त्याहून पुढचा, कारण तो जिवंत शरीरात लागला. 1913 साली बाल्टिमोरच्या डँडी आणि ब्लॅकफॅन यांनी कुत्र्यांच्या मेंदूतली ती अरुंद नळी बुजवली. वरच्या पोकळ्या फुगल्या. मग डोकं वाढलेल्या बाळांच्या मेंदूत त्यांनी रंग सोडला. काहींच्या कण्यातल्या पाण्यात तो थोड्याच वेळात उतरला, काहींच्या उतरलाच नाही. वाट कुठे अडली आहे, हे आता जिवंतपणी कळू लागलं.

निसर्गाने या छिद्रांना झडप दिलेली नाही. तशी एक झडप 1956 साली जॉन होल्टर या अमेरिकन तंत्रज्ञाने बनवली. स्वतःच्या मुलाच्या डोक्यात पाणी साचत होतं, म्हणून. पाणी एकाच दिशेने सोडणारी, अगदी उघाडीसारखी. आजची शंट, म्हणजे साचलेलं पाणी दुसरीकडे वळवणारी नळी, त्याच वाटेवरची.

बाळाच्या डोक्यात असं पाणी साचतंय का हे कळावं म्हणून, लस टोचायला न्याल तेव्हा त्याच्या डोक्याचा घेर मोजून घ्या. तो भराभर वाढत असेल, टाळू फुगलेली असेल, डोळे खाली ओढल्यासारखे दिसत असतील, तर दिवस न घालवता डॉक्टरांकडे न्या.