कफील कोण, त्याची जबाबदारी काय? आखातात जाणाऱ्यांसाठी माहिती

रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मुस्लिम घरांत सौदी, कुवेत, कतर, दुबईची कमाई दोन-तीन पिढ्यांपासून येते आहे. व्हिसा आला की घरात खुशी होते. पण व्हिसा कोणाच्या नावाचा, हे फार थोडे लोक विचारतात. म्हणून आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

कफाला म्हणजे काय?

अरबीत कफाला म्हणजे दुसऱ्याची हमी घेणे. आखातात परदेशी कामगाराला बोलावणारा मालक हा त्याचा कफील. व्हिसा आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दोन्ही त्याच्याशी बांधलेले असतात.

कफीलने काय करायचे?

सौदी कामगार कायद्याच्या कलम ४० प्रमाणे भरतीचा खर्च, इकामा व वर्क परमिटची फी, नूतनीकरणाला उशीर झाल्यास दंड आणि करार संपल्यावर परतीचे तिकीट, हे सगळे मालकाच्या खिशातून. कामगाराकडून घेतले तर तो कायद्याचा भंग आहे.

भंग कसा होतो?

पासपोर्ट काढून घेणे, पगार थकवणे, इकामा रिन्यू न करणे. तक्रार केली तर उलट 'हुरूब', म्हणजे कामगार पळाला, अशी नोंद करणे. २०१६ मध्ये सौदी ओजर या मोठ्या बांधकाम कंपनीने महिनोन्‌महिने पगार थकवले. हजारो भारतीय कॅम्पमध्ये अडकले. जेद्दाहच्या भारतीय वकिलातीला त्यांच्यापर्यंत धान्य पोहोचवावे लागले.

कायदा किती बदलला?

कतरने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी एक्झिट परमिट काढून टाकले. २०२० मध्ये घरकामगारांनाही ती सूट दिली आणि मालकाच्या एनओसीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. सौदीत मार्च २०२१ पासून ठरावीक अटींवर नोकरी बदलता येते. मात्र या सौदी सुधारणेत घरकामगार, हाऊस ड्रायव्हर आणि शेतमजूर धरलेले नव्हते. आपली बरीच मुले ड्रायव्हर म्हणूनच जातात, हे लक्षात ठेवा.

'आझाद व्हिसा'चा धोका

असा व्हिसा कायद्यात नाही. कागदावर एक कफील, काम दुसरीकडे, आणि कफीलला दरमहा रक्कम. यात कफील तर चुकतोच, पण तपासणीत पकडला जातो कामगार. अटक आणि हद्दपारी त्याच्याच वाट्याला येते. पगार बुडाला तर दाद मागायची कुणाकडे? कागदावरचा मालक म्हणतो, तो माझ्याकडे कामालाच नव्हता.

निघण्यापूर्वी

– एजंट परवानाधारक आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर पाहा. त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढेच घेता येते. पावती मागा.
– ईसीआर पासपोर्ट असेल तर एमिग्रेशन क्लिअरन्स घेऊनच जा. टुरिस्ट व्हिसावर कामाला जाऊ नका.
– प्रवासी भारतीय विमा योजना घ्या. २७५ रुपयांत दोन वर्षे, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण.
– करार, व्हिसा, पासपोर्ट आणि पोहोचल्यावर इकामा, सगळ्यांच्या प्रती घरी ठेवा. कफीलचे पूर्ण नाव व फोन नंबर लिहून घ्या.
– पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, कफीलची नाही. तो अडवला किंवा पगार थकला तर भारतीय दूतावासाकडे किंवा 'मदद' पोर्टलवर तक्रार करा. ही तक्रार घरच्यांनाही इथून करता येते.

परदेशात मुलाचा आवाज दाबला जाऊ शकतो. अशा वेळी घरातल्या फाईलमधले कागदच त्याच्या बाजूने बोलतात.