धुळे तुरुंग व पश्चिम खानदेशातील दानचळवळ

धुळे तुरुंग : महाराष्ट्राच्या स्वातंत्र्यलढ्यातील, तसेच धार्मिक व सामाजिक विचारांच्या इतिहासातील एक उल्लेखनीय स्थान. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन धुळे हे पश्चिम खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. नंदुरबार, नवापूर, शहादे व तळोदे हा प्रदेश त्याच जिल्ह्यात मोडत असे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला. त्यामुळे या तुरुंगाचा इतिहास नंदुरबार परिसराच्या इतिहासाशीही निगडित आहे.

१९३२ च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत विनोबा भावे, साने गुरुजी, जमनालाल बजाज इ. सत्याग्रही येथे बंदिवासात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती बोलण्याच्या ओघातच लिहून घेतली. गीता-प्रवचने हा ग्रंथ या टिपणांतूनच सिद्ध झाला. पुढे अनेक भारतीय भाषांत त्याची भाषांतरे झाली. इंग्लंडमध्ये १८२३ च्या कायद्याने तुरुंगांत नियुक्त धर्मोपदेशकाची तरतूद केली होती. धुळ्यास वक्ता व लेखक हे दोघेही बंदीच होते; शासनाने सुधारणेसाठी योजिलेला उपदेश आणि बंदिजनांनी स्वेच्छेने चालविलेले चिंतन यांतील भेद यावरून स्पष्ट होतो.

या घटनेमागे खानदेशातील दानशीलतेचाही वाटा होता. अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. साने गुरुजींनी तेथे अध्ययन केले आणि पुढे अमळनेरच्याच हायस्कुलात अध्यापन केले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धनिकाच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या संस्थेत घडलेला शिक्षक अशा रीतीने तुरुंगातील प्रवचनांचा लेखनिक झाला.

विनोबांनी १९५१ मध्ये भूदान चळवळ सुरू केली. १९५८ मध्ये त्यांची पदयात्रा पश्चिम खानदेशातून गुजरातेत गेली. सातपुड्यातील अक्राणी भागात अनेक आदिवासी गावांनी ग्रामदानाचा संकल्प केला. येथे दानाचा अर्थ पालटला : धनिकाने गरिबास द्यावे, याऐवजी सर्व गावाने जमिनीची मालकी ग्रामसमाजाकडे सोपवावी, अशी ही कल्पना होती. महाराष्ट्र शासनाने १९६४ च्या अधिनियमाने ग्रामदानास कायद्याचे अधिष्ठान दिले.

तथापि या मार्गाच्या मर्यादाही येथेच उघड झाल्या. ज्यांच्याजवळ थोडे होते, त्यांनी दान दिले. परंतु सपाटीवरील शहादे–तळोदे भागात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी दानाने परत आल्या नाहीत. सर्वोदय कार्यातून पुढे आलेले भिल्ल नेते अंबरसिंग सुरतवंती यांनी त्यासाठी आदिवासींना संघटित केले आणि १९७२ मध्ये शहादे येथे श्रमिक संघटना स्थापन झाली. १९७४ च्या अधिनियमाने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी धारकांस परत देण्याची तरतूद करण्यात आली. दानाने जो प्रश्न समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीपुढे मांडला, तो अखेरीस हक्काच्या भाषेत कायद्यापुढे आणावा लागला.