लहान मासेमारी होडीचा सरंजाम

मराठ्यांच्या आरमारासंबंधानें आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्यांत गुराबा, गलबतें, जंजिरे आणि सरखेल यांचीच कथा मुख्यत्वेंकरून आली आहे. आणि तें साहजिकही आहे. परंतु ज्या कोळ्यांनीं, भंडाऱ्यांनीं व गाबितांनीं हें आरमार चालविलें, त्यांच्या घरची होडी कशी असे, तिच्यावर काय काय सामान चढे, आणि हातांत पैसा बेताचा असतां त्यांतून आधीं काय घ्यावें व मागून काय घ्यावें याचा निर्णय ते कोणत्या धोरणानें करीत, इकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक दिसतो. तथापि जुन्या कागदांच्या शुद्ध वाचनाशीं त्याचा निकट संबंध आहे असें प्रस्तुत लेखकाचें मत असून, तें मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करूं. 'सरंजाम' म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें सरदारास लावून दिलेला मुलूख उभा राहतो. पण होडीचा सरंजाम म्हणजे तिचें सामानसुमान. तारवाच्या तळाशीं एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाणारें जें मुख्य लांकूड, त्यास नाविक लोक 'पठाण' म्हणतात. शीड ज्या आडव्या काठीस बांधतात ती 'परमाण'. तारवाचें पुढचें टोंक ती 'नाळ'. शीड ताणून धरणारी दोरी ती 'दामण'. आतां मोडी कागदांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात, हें वाचकांस सांगावयास नको. अशा स्थितींत देशावरचा वाचक 'पठाण' या शब्दावर येतांच त्यास उत्तरेकडील शिपाई समजेल, 'परमाण' याचें 'प्रमाण' करील, 'नाळ' घोड्याच्या पायाची किंवा तोफेची ठरवील, आणि 'दामण' अंगरख्याची! 'नांगर' या शब्दाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. शेताचा नांगर संस्कृत 'लाङ्गल' शब्दापासून निघाला. तारवाचा नांगर फारशी 'लंगर' शब्दावरून आला. दोन निराळ्या कुळांचे शब्द मराठींत येऊन एकरूप झाले. किनाऱ्यावरील एखाद्या गांवच्या जप्तीच्या यादींत 'नांगर दोन' एवढेंच असेल, तर तो कुणब्याचा माल कीं कोळ्याचा, हें यादींतील पुढचीं-मागचीं कलमें पाहिल्यावांचून सांगतां येणार नाहीं. आणि तीं कलमें समजावयास होडीचा सरंजामच ठाऊक पाहिजे.

या सरंजामाचा क्रम लावतांना एक सूत्र ध्यानांत ठेवावें. मासे धरण्याचें साधन कितीही उत्तम असलें, तरी होडी परत कांठास येईल तरच त्याचा उपयोग. म्हणून तरंगविणारें, चालविणारें आणि थांबविणारें सामान आधीं; धरणारें सामान त्यामागून. पुढील विवेचन याच क्रमानें केलें आहे.

तरंगविणाऱ्या सामानांत पहिला मान काथ्याचा. नारळाच्या सोडणाचा काथ्या खाऱ्या पाण्यांत कुजत नाहीं. उलट तो खाऱ्या पाण्यांत मुरवूनच काढतात. ताग त्याहून बळकट खरा, पण काथ्याच्या दोरास जो ताण आहे व तो जसा पाण्यावर तरंगतो, तसें तागाचें नाहीं. पूर्वीं फळ्याही याच काथ्यानें शिवीत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशानें होर्मुझच्या तारवांचें वर्णन केलें आहे. त्यांस लोखंडी खिळा नसे, फळ्या नारळाच्या काथ्यानें शिवलेल्या असत, वरून माशाचें तेल चोपडीत, आणि डोलकाठी, शीड व सुकाणू हें प्रत्येकीं एकेकच असे, असें तो सांगतो, आणि असलीं तारवें धोक्याचीं म्हणून त्यांस नांवें ठेवतो. चौदाव्या शतकांतील इब्न बतूता मात्र उलट बाजू दाखवितो. या समुद्रांत खडक फार. खिळ्यांनीं जखडलेलें तारूं त्यांवर आदळतांच फुटतें, शिवलेलें तारूं लवतें व निभावतें, असा त्याचा आशय आहे.

या ठिकाणीं भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. राधाकुमुद मुकर्जी यांच्या 1912 सालच्या हिंदी नौकानयनावरील इंग्रजी ग्रंथामुळें तो विद्वानांस विशेष परिचित झाला. समुद्रगामी नौकेच्या तळास लोखंड लावूं नये, कारण समुद्रांतील लोहचुंबक तिला ओढून घेईल, असें त्यांत कारण दिलें आहे. ग्रंथकारानें दिलेलें कारण काल्पनिक आहे; पण ज्या रूढीस तें जोडलें ती रूढी खरी होती, आणि तिचें खरें कारण इब्न बतूतानें ऐकून लिहिलें. पंडितानें नियम नोंदावा व त्याचें कारण नावाड्यापाशीं राहावें, असा प्रकार आपल्या साधनग्रंथांत वारंवार आढळतो. म्हणून केवळ ग्रंथावर विसंबणें धोक्याचें.

काथ्यामागून लेप. सांध्यांत कापूस किंवा काथ्या ठोकून वर राळ व तेल भरीत; पाण्याबाहेरच्या अंगास मुशीच्या यकृताचें तेल, आणि पाण्याखालच्या अंगास चुना व चरबी यांचा लेप देत. लांकूड पोखरणारा समुद्रांतील किडा हा होडीचा खरा शत्रू होय. लेपासाठीं मोठ्या भरतीस होडी कांठावर ओढीत, आणि पावसाळ्यांत ती शाकारून ठेवीत. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी कोरडी राहणें हाही तिच्या निगेचाच भाग होता. आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते, ती मुख्यतः माशांच्या वाढीसाठीं. पण जुन्या विश्रांतींत माशांबरोबर लांकूडही जगत असे.

आतां चालविणारें सामान. शीड असतांही वल्हीं घेतलींच पाहिजेत, हा येथला मुख्य नियम. याचें प्रत्यंतर थेट राजनीतीच्या ग्रंथांत मिळतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत आरमाराचें जें प्रकरण आहे, त्यांत गुराबा फार थोर नाहींत व फार लहान नाहींत अशा मध्यम कराव्या, आणि जीं मोठीं तारवें वाऱ्यावांचून चालणार नाहींत त्यांचें प्रयोजन नाहीं, असें स्पष्ट बजावलें आहे. राज्याच्या आरमारास घालून दिलेला हा दंडक मुळांत कोळ्याच्या होडीचा अनुभव आहे. खाडीच्या तोंडाशीं वारा पडला व ओहोटी लागली, तर वल्हें हाच आधार. मुंबईजवळ एकसर येथील वीरगळांवर जीं लढाऊ तारवें कोरलेलीं आहेत, त्यांतही डोलकाठीबरोबर वल्ह्यांची ओळ दिसते. त्या वीरगळांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहे; वल्ह्यांविषयीं नाहीं.

आज्ञापत्रांतील याच प्रसंगींचा दुसरा विचार याहून मोलाचा आहे. सागवानादि लांकूड परवानगीनें तोडावें. पण आंबा, फणस हीं झाडें आरमाराच्या उपयोगाचीं असलीं तरी रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, तेव्हां त्यांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊनच न्यावें, असा त्याचा भाव आहे. कोंकणांत लहान होडी कित्येकदां एकाच आंब्याच्या खोडांतून कोरून काढीत. म्हणजे दारचा आंबा हीच गरिबाची पुढची होडी. सरकारी वासल्यानें तो पाडला असता, तर एका घराच्या दोन पिढ्यांचें साधन गेलें असतें. या दृष्टीनें वाचलें म्हणजे तें वाक्य केवळ दयेचें न राहतां दर्यावर्दी लोकांच्या उदरनिर्वाहाचें संरक्षण ठरतें.

थांबविणाऱ्या सामानांत नांगर व त्याचा दोर. द्वारकेच्या समुद्रांत त्रिकोणी आकाराचे, तीन छिद्रें पाडलेले दगडी नांगर पुष्कळ सांपडले आहेत. वरच्या छिद्रांत दोर आणि खालच्या दोहोंत लांकडी सुळे घालीत. सुळे वाळूंत किंवा चिखलांत रुतत व दगडाच्या वजनानें तारूं स्थिर राही. लोखंडी नांगर अधिक पक्का. परंतु खडकाळ तळाशीं तो अडकला तर दोर तोडून सोडावा लागतो, आणि लहान नाखव्यास ती नुकसानी सोसत नाहीं. तेव्हां खडकाशीं दगड व चिखलांत लोखंड अशी निवड करण्यांत शहाणपणा होता. दगडी नांगर दिसला कीं तो अतिप्राचीनच असला पाहिजे, असें अनुमान करण्यांत नाहीं.

शेवटीं धरणारें सामान. येथें कोंकणचे दोन भाग पडतात, आणि कागद कोठचा हें ठरविण्यास त्यांचा उपयोग होण्यासारखा आहे. भरतीओहोटीचा चढउतार दक्षिणेकडून उत्तरेकडे, खंबायतच्या आखाताकडे, वाढत जातो. ठाणें, मुंबई व कुलाबा या बाजूस प्रवाह जोरदार असल्यामुळें तेथें 'डोल' चालते. समुद्रांत खुंट रोंवून किंवा नांगर टाकून पिशवीसारखें जाळें प्रवाहाच्या तोंडाशीं बांधावयाचें, आणि प्रवाह मंदावतांच ओढून घ्यावयाचें. बोंबील मुख्यतः याच जाळ्यांत येतो. दक्षिणेकडे, रत्नागिरी व मालवण या बाजूस, 'रापण' ही पद्धति. होडींतून जाळें समुद्रांत अर्धवर्तुळाकार टाकून त्याचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यावरून पुष्कळ माणसांनीं ओढावयाचीं, व मिळालेल्या मासळीचे वांटे करावयाचे. तेथल्या अरुंद होडीस कलंडूं नये म्हणून बाजूस 'उलांडी' लावतात. तिला पांगाऱ्यासारखें हलकें लांकूड लागतें. तेव्हां यादींत लांब खुंट, जड दोर व पिशवीचें जाळें असेल तर कागद उत्तरेकडचा, आणि उलांडी, पांगारा व वांट्यांचा हिशेब असेल तर दक्षिणेकडचा, असें अनुमान करावयास हरकत नाहीं. हा निर्णय नव्हे, केवळ दिशा आहे. पण ज्या कागदावरील गांवाचें नांव वाळवीनें खाल्लें आहे, तेथें दिशाही थोडी नव्हे. दोहींकडे सुताचें जाळें टिकावें म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालींच्या काढ्यांत तें बुडवीत. म्हणून 'साल' हें कलम दिसतांच तें वर्षाचेंच समजूं नये.

सर्वांत स्वस्त व सर्वांत अगत्याचें सामान मात्र पाण्याचें मडकें. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांचें जें तारूं रंगविलें आहे, त्यावर घटांची रांग चित्रकारानें विसरतां काढली आहे. 1675 सालीं शिवाजी महाराजांनीं प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास जें कडक पत्र लिहिलें, त्याचें कारणही असेंच. पद्मदुर्गाच्या कामीं गुंतलेल्या आरमारास पैसा व धान्य वेळेवर पावलें नाहीं. पाणी, जळण यांची मदत पोंचली पाहिजे ती पोंचत नाहीं, यावर महाराजांचा रोष आहे. तोफा असून पाणी नसेल तर जंजिरा राहत नाहीं, हें तत्त्व कोळ्याच्या होडीपासून पद्मदुर्गापर्यंत एकच.

लहान होडीवाल्यास राजकारणांत स्थान नव्हतें असें समजणेंही बरोबर नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत, भडोचच्या मुखाशीं राजाच्या चाकरींतील स्थानिक मासेमार आपल्या नौका घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांस वाळूच्या बांधांतून वाट दाखवून बंदरांत आणीत, असें सांगितलें आहे. ज्या बंदराच्या वैभवाविषयीं आपण इतकें लिहितों, त्याचें दार मासेमाराच्या होडीनें उघडत असे.

आतां मंडळाच्या सभासदांस व हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंति. 1950 नंतरच्या दशकांत होड्यांवर यंत्र चढलें, सुताच्या जागीं नायलॉन आलें, सागवानाच्या जागीं काचतंतूचा सांगाडा आला. यांत खेद करण्याजोगें कांहीं नाहीं. समुद्रावर जाणाऱ्यानें जें सुरक्षित व परवडणारें तेंच घ्यावें, हा तर त्याच्या वाडवडिलांचाच नियम. पण वस्तु गेली कीं तिचें नांवही जातें. मोल्सवर्थ यांनीं 1831 सालच्या कोशांत व त्याच्या 1857 सालच्या दुसऱ्या आवृत्तींत कांहीं नाविक शब्द जतन केले; बाकीचे वृद्ध सुतारांच्या व तांडेलांच्या तोंडीं आहेत. दप्तरें चाळतांना सनदा व राजपत्रें निवडून घेऊन दोर, डामर, सुंभ, वल्हीं यांच्या किरकोळ यादींचे रुमाल बाजूस टाकण्याची आपली संवय आहे. तसें न करितां अशा यादीची नक्कल घ्यावी, ती जवळच्या कोळीवाड्यांत नेऊन एखाद्या जाणत्या म्हाताऱ्यास वाचून दाखवावी, आणि तो जो अर्थ सांगेल तो त्याच्याच शब्दांत कलमासमोर टिपून ठेवावा. एका बैठकीचें काम आहे. तें आज झालें तर 'पठाण' म्हणजे होडीचा कणा हें पुढच्या वाचकास कळेल. न झालें तर त्या कागदांत एक शिपाई नाहक वाढेल, आणि एक होडी बुडेल.