घरच्या केराची पट्टी

केर उंबऱ्याबाहेर टाकला म्हणजे गृहस्थाचें काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु त्या केराचें बिल उंबऱ्याच्या आंत येऊन वर्षागणिक वाढूं लागलें म्हणजे तो उचलण्याचें कर्तव्य कोणाचें व त्याचा मोबदला कोणीं ठरवावा, हे प्रश्न उभे राहतात. सफाईच्या कामांत ठेकेदारी शिरल्यापासून ते लहानमोठ्या सर्वच नगरपालिकांपुढें आहेत. नंदुरबार, शहादें, नवापूर, तळोदें अशा गांवांत त्यांचें महत्त्व विशेष. कारण मजुरीवर चालणाऱ्या घरास महिन्याकांठीं पन्नास रुपयेही हिशेबांत धरावे लागतात. ह्या पट्टीचा इतिहास म्हणूनच वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

पूर्वीं घरोघरची सफाई खासगी व्यवहारावर चाले. तेव्हां केराहून मैल्याचा प्रश्न मोठा होता. मुंबईंत हलालखोर घरोघर जाऊन मैला उचलीत व घरमालक त्यांस परस्पर पैसे देत. इतर गांवांत पैसा थोडा आणि शिळी भाकरी अधिक, असा प्रकार असे. कित्येक ठिकाणीं ठराविक घरें ठराविक कुटुंबाकडे वंशपरंपरेनें चालत. हा हक्क वांटून देतां येई, गहाणही पडे. काम न झाल्यास घरमालकास दाद मागावयास जागा नव्हती, हें खरें. पण जातीच्या बेडीमुळें ज्यांस दुसरें काम मिळत नसे, त्यांची लाचारी त्याहून कितीतरी मोठी होती.

१८५० च्या २६ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत ठिकठिकाणीं नगरपालिका स्थापण्याची सोय झाली. मुंबई शहराच्या १८८८ च्या कायद्यांत ‘हलालखोर कर’ मालमत्तेवरील करांचा एक भाग म्हणून नमूद झाला. त्याचीं दोन लक्षणें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. तो घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर शेंकडा अमुक ह्या मानानें बसे. आणि ज्या भागांत हें काम आपण पत्करल्याचें पालिकेनें जाहीर केलें असेल, तेथेंच तो घेतां येई. १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें मुफसल नगरपालिकांसही, आपल्या माणसांकडून साफ होणाऱ्या खासगी शौचकूपांवर व आवारांवर खास सफाईपट्टी बसविण्याची मुभा दिली. १९६५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यांतही ती तरतूद टिकली. आधीं सेवा, मग पट्टी, हें ह्या कायद्यांचें सूत्र होय. पुढें पालिकांचे सभासद लोकनियुक्त होत गेले, तसतसा पट्टी वाढविणारास जाब विचारण्याचा हक्कही गृहस्थास मिळाला.

ठेकेदारी ही कांहीं नवी युक्ति नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनांत चुलीच्या राखेस विटांच्या भट्ट्यांची एवढी मागणी असे कीं, केर नेण्याच्या हक्काबद्दल ठेकेदारच स्थानिक संस्थांस पैसे देत. मागणी खालावतांच ते उलट पैसे मागूं लागले. आपल्याकडेही नगरपालिका सोनखत करून शेतकऱ्यांस विकीत. तात्पर्य, केरांत लाभ आहे तोंवर ठेका स्वस्त. लाभ सरला कीं भरपाई घरोघर मागितली जाते.

अलीकडील पर्व अलमित्रा पटेल ह्यांनीं १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयांत केलेल्या अर्जापासून सुरू होतें. त्यांतून २००० सालीं केंद्र सरकारचे घनकचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या नव्या नियमांनीं घरोघर केर गोळा करणें व त्याबद्दल उपयोगकर्ता शुल्क ठरविणें, हीं दोन्हीं कामें स्थानिक संस्थांकडे सोंपविलीं. पट्टीचें शुल्क झालें. आणि ह्या शब्दभेदांत पुष्कळ कांहीं दडलें आहे. पट्टी घराच्या किंमतीप्रमाणें बसे. शुल्क पुष्कळदां दर घरास सारखें, म्हणजे वाड्याला व खोपटाला एकच आंकडा. शिवाय दर वाढला कीं पालिका कराराकडे बोट दाखविते आणि ठेकेदार डिझेल व मजुरीकडे. मजुरीचें पाहावें, तर मुंबईंत केर उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांस कायम नोकरीसाठीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावें लागलें. २०१७ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें झाला.

दुसरा मार्ग नाहीं, असें मात्र नाहीं. पुण्यांत १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यांतून निघालेल्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेनें २००८ सालीं महापालिकेशीं करार केला. तेथें घरमालकानें दिलेलें शुल्क केर वेचणाराच्या मिळकतींत पडतें. मुंबई महापालिकेनें २०२५ सालीं हरकतींसाठीं प्रसिद्ध केलेल्या मसुद्यांत ५० चौरस मीटरपर्यंतच्या घरास महिना १०० रुपये, ३०० पर्यंतच्यास ५०० व त्यापुढें १,००० असा चढता दर सुचविला होता. हे आंकडे कोणास जड वाटतील. परंतु घर पाहून दर ठरवावा, हें जुनें तत्त्व त्यांत आहे.

केर फुकट उचलला जावा, असें आमचें म्हणणें नाहीं. फुकटाचा भार अखेर झाडूवाल्याच्याच पाठीवर पडतो, हें शिळ्या भाकरीच्या व्यवहारानें दाखविलें आहे. आमचें मागणें इतकेंच कीं, करार लोकांस वाचावयास मिळावा, दरवाढ पालिकेच्या उघड सभेंत मंजूर व्हावी, आणि रुपयांतले किती पैसे प्रत्यक्ष राबणाराच्या हातीं जातात, तें बिलावर छापावें. काम ठेक्यानें देतां येतें. जबाबदारी ठेक्यानें देतां येत नाहीं. ही गोष्ट नगरपालिकेस विसरूं न देणें, हें मत देणाऱ्या गृहस्थाचें काम आहे.