लाल लागतो, निळा का नाही?

५ व्होल्टचा पुरवठा, २२० ओहमचा एकच रेझिस्टर आणि त्यापुढे समांतर जोडलेले दोन एलईडी, एक लाल, एक निळा. वीज दिली की लाल झळकतो, निळा अंधारातच. छंदी मंडळींचं हे जुनं वाटणारं कोडं फार जुनं नाही. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये लाल एलईडी उजळवला. झगझगीत निळा मात्र जपानमध्ये शुजी नाकामुरा यांच्या हातून यायला १९९३ उजाडलं. मंद निळे त्याआधीही होते, पण ते घराघरातल्या टेबलापर्यंत पोचणारे नव्हते. कोड्यातला पेच आला तो निळ्या एलईडीच्या वेगळ्या पदार्थातून: लाल सुमारे २ व्होल्टवर प्रवाह घेऊ लागतो, निळ्याला जवळपास ३ लागतात. लालनं व्होल्टेज खाली धरून ठेवलं की निळ्याला पेटायला पुरेसं मिळतच नाही.

यात विशेष काय, ओहमचा नियम तर शाळेतच शिकवतात, असं कोणी म्हणेल. पण त्या सरळ नियमात रेझिस्टर बसतो, एलईडी नाही. टॉर्चच्या जुन्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि ती स्वतःला सावरते. एलईडी तापला की त्याच व्होल्टेजला उलट जास्त प्रवाह ओढतो आणि रेझिस्टर नसेल तर जळतो. बल्बची सवय झालेला हात रेझिस्टर लावायला विसरतो, तो इथेच.