एक पोलीस शिपाई आणि पेनिसिलीन

औषधाचा इतिहास म्हटला की शोधकाचे नाव पुढे येते. आज मी रोग्यापासून आरंभ करतो.

ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई पडून होता. गुलाबाच्या काट्याने चेहरा खरचटला, अशी कथा पुष्कळ वर्षे सांगितली गेली. पुढे त्याच्या कन्येने बॉम्बहल्ल्यातील जखमेचे कारण सांगितले. कारण काही असो, चेहऱ्यावर, डोक्यावर आणि डोळ्याच्या खोबणीत गळवे झाली. सल्फा औषध हरले. पू काढूनही भागेना. 1941 च्या फेब्रुवारीत एक डोळाच काढावा लागला.

12 फेब्रुवारीस त्याला पेनिसिलीन टोचण्यात आले. एका दिवसात ज्वर उतरू लागला, पू कमी झाला, तो जेवू लागला. पण औषध होते चिमूटभर! त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून त्यालाच देण्यात आले. पाच दिवसांत साठा संपला. रोग उलटला आणि 15 मार्चला तो गेला.

हे चिमूटभर तरी कोणी केले? फ्लोरी, चेन यांची नावे सर्वांस ठाऊक आहेत. हीटलीने बेडपॅनच्या घाटाची चिनी मातीची भांडी घडवून घेतली, आणि सहा तरुणी त्यांत बुरशी वाढवीत होत्या. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला येथेच थांबावेसे वाटते. औषध सापडणे निराळे, ते सर्वांना पुरणे निराळे. सापडते ते बुद्धीने. पुरते ते हजारो हातांनी.

हाच विचार आपल्या पिंपरीत उतरला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने 1954 मध्ये तेथे सरकारी मालकीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि 1955 मध्ये पेनिसिलीन निघू लागले.

परंतु जंतूही स्वस्थ बसले नाहीत. 1942 मध्येच पेनिसिलीनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस आढळले. म्हणून आजही चिवट गळवाला नुसती गोळी पुरत नाही. पू शस्त्रक्रियेने बाहेर काढावा लागतो, तो तपासून औषध ठरवावे लागते, आणि सांगितले तितके दिवस ते घ्यावे लागते. डोळ्याजवळचे गळू घरी पिळू नये. तेथील शिरांची वाट मेंदूकडे जाते.

अलेक्झांडरला औषध अपुरे मिळाले, कारण जगात ते नव्हतेच. आज ते असताना पैशाअभावी कोणाचा उपचार अर्धवट राहिला, तर दोष बुरशीचा नव्हे, समाजाचा म्हणावा लागेल.